मित्र मागितले होते

हैदराबादेत सणावाराला पुजारी, मौलवी आणि पाद्री एका व्यासपीठावर येतात. शाली दिल्या जातात, हातात हात घेऊन छायाचित्र निघते. यात वाईट काही नाही. पण या मैत्रीत कोणी कोणासाठी काय सोडले, हे कोणी विचारत नाही.

विचारायला हवे. निजामाच्याच मुलखात, दोर्नकलला काम करणारे तमिळ पाद्री व्ही. एस. अझरया 1910 मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत बोलायला उभे राहिले. समोर बहुतेक सगळे गोरे. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल त्यांनी मनापासून कृतज्ञता व्यक्त केली. मग म्हणाले, आता आम्हांला मित्र द्या. एकाच चर्चची सेवा करणारे गोरे आणि देशी पाद्री बरोबरीच्या नात्याने एकमेकांच्या घरी जात-येत नव्हते, एका टेबलावर जेवत नव्हते. दुखणे हे होते.

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड अझरयांचे असे मित्र झाले. अझरयांना बिशप करायचे ठरले तेव्हा मिशनऱ्यांनी विरोध केला. अझरया तेव्हा खालच्या मानल्या जाणाऱ्या नाडार समाजातले, म्हणून काही भारतीय ख्रिस्ती मंडळींनीही नाके मुरडली. व्हाइटहेड हटले नाहीत. स्वतःच्या धर्मप्रांतातून त्यांनी दोर्नकलचा प्रदेश वेगळा काढून दिला. 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्यात अझरयांचा अभिषेक झाला. भारतातले ते पहिले देशी अँग्लिकन बिशप.

नुसते गौरवाचे भाषण केले असते, तरी व्हाइटहेड उदारच ठरले असते. त्यांनी अधिकारातला वाटा दिला आणि आपल्याच माणसांचा रोष पत्करला. तेवढे करणारे फार निघाले नाहीत. 1 जानेवारी 1945 ला अझरया वारले, तोपर्यंत स्वतःचा धर्मप्रांत सांभाळणारे देशी अँग्लिकन बिशप ते एकटेच होते.

आज शहरात एखाद्या मौलवीवर खोटा आळ आला, तर शेजारच्या देवळाचा पुजारी आपल्या भक्तांपुढे उभा राहून त्याची बाजू घेईल का? देवळावर संकट आले, तर मौलवी शुक्रवारच्या नमाजाला जमलेल्यांपुढे पुजाऱ्यासाठी बोलेल का? बाहेरच्यांपुढे बोलणे सोपे असते. हैदराबादच्या धर्मगुरूंनी एकमेकांसाठी आपापल्या माणसांपुढे बोलावे. शाली नंतर घ्याव्यात.