व्हिसाचा नवस



आपल्या हिंगोली जिल्ह्यातील घराघरांतून आज संगणकशास्त्राचे पदवीधर निघू लागले आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्याचबरोबर एक जुनी व्याधी नव्या वेषाने घरात शिरू पाहत आहे. तिच्याविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे.

हैदराबादजवळ चिलकूर येथे बालाजीचे देऊळ आहे. लोक त्यास ‘व्हिसा बालाजी’ म्हणतात. अमेरिकेचा व्हिसा मिळावा म्हणून तेथे ११ प्रदक्षिणा घालावयाच्या, आणि इच्छा पुरी झाली की १०८ घालून नवस फेडावयाचा, अशी रीत आहे. नोकरीच्या शोधात हैदराबादेस गेलेल्या आपल्या मुलाला कोणी म्हणाले, “एकदा जाऊन आलास तर काय बिघडते?” तर तुम्ही काय उत्तर द्याल?

बिघडते ते असे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपण ज्या २२ प्रतिज्ञा स्वीकारल्या, त्यांतील पहिलीच विष्णूला देव न मानण्याची आहे. आणि कारणावाचून कार्य घडत नाही, ही तर भगवान बुद्धांची शिकवण.

मग व्हिसाची कारणे तपासा. एच-१बी व्हिसांची संख्या अमेरिकेच्या कायद्याने बांधलेली आहे: वर्षाला ६५,०००, आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. अर्ज त्याहून फार अधिक आल्याने वर्षानुवर्षे निवड सोडतीने झाली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर १ लाख डॉलरांचे शुल्क बसविले. इकडे, परदेशचे काम भारतात स्वस्तात करवून घेण्याच्या हिशेबावर ज्या कंपन्या वाढल्या, त्यांपैकी टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० नोकर कमी करण्याचे जाहीर केले. यांतील कोणती गोष्ट प्रदक्षिणेने टळली असती?

समुद्र ओलांडला की जात सुटते, असेही समजू नका. अमेरिकेतील सिॲटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घालावी लागली, ती उगाच नव्हे.

म्हणून मुलांना परदेशी पाठवूच नये काय? अवश्य पाठवा! बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आणि अविश्रांत अभ्यासावर. आज अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क मिळाले, ते लढून. व्हिसा ही परक्या सरकारची मर्जी आहे, शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे. मर्जीपायी शेत गहाण टाकू नका. हक्कासाठी जातीचे व उत्पन्नाचे दाखले वेळेवर काढून ठेवा. खाजगी कंपन्यांत राखीव जागा नाहीत, त्या मिळविण्यासाठी संघटनेची वर्गणी द्या.

आणि दृष्टी जवळही वळवा. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जगाचे विज्ञान आपल्या दाराशी येत आहे. तेथे आपली मुले केवळ माती वाहणार की यंत्रापाशी बसणार, हे कोणताही देव ठरविणार नाही. ते तुम्ही आज त्यांच्या गणिताच्या वहीकडे किती लक्ष देता, यावर ठरेल.

जयभीम.