घरचा फिजिओ पास की नापास?

माझा एक मित्र आहे, आयटीतला. गेल्या वर्षी त्याच्या बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. डावी बाजू गेली. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलमधल्या फिजिओने याला व्यायाम शिकवले आणि पठ्ठ्याने ते मनावर घेतले! सकाळी लॉग-इन करण्याआधी अर्धा तास, रात्री जेवणाआधी अर्धा तास. भिंतीवर चार्ट, हातात स्टॉपवॉच. सहा महिने एकही सुट्टी नाही. तरी बाबांना आधाराशिवाय बाथरूमपर्यंत जाता येईना. परवा कॉफी पिता पिता हळूच म्हणाला, ‘‘अगं, माझंच काहीतरी चुकलं असणार. अजून एक तास दिला असता तर?’’

काय बोलणार यावर? मग आठवलं, नेमक्या याच प्रश्नासाठी कुणीतरी चक्क रिसर्च ग्रँट दिली होती. तीही ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, आणि तीही आपल्याकडच्या पेशंट्ससाठी!

आयडिया एकदम झकास होती. आपल्याकडे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट कमी. पण घरचे लोक? ते तर भरपूर! मग त्यांनाच ट्रेनिंग द्या की. खर्च कमी, माया जास्त. कुणाला पटणार नाही?

पण ग्रँटचा नियम असा की नुसतं पटून चालत नाही, तपासावं लागतं. २०१४ ते २०१६ या काळात भारतातल्या १४ हॉस्पिटलांमधले १२५० पेशंट्स या अभ्यासात घेतले गेले. नाव होतं ‘अटेंड’. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला तेच उपचार, शिवाय घरच्यांना खास ट्रेनिंग आणि घरी गेल्यावर दोन महिन्यांपर्यंत त्याचा सराव. सहा महिन्यांनी तपासणी झाली. तपासणाऱ्याला पेशंट कुठल्या गटातला, ते माहीत नव्हतं.

निकाल? दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले पेशंट्स पहिल्या गटात ४७ टक्के. आणि दुसऱ्या गटात... ४७ टक्के! २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं.

म्हणजे पैसे पाण्यात? छे हो! ही तपासणी झालीच नसती तर काय झालं असतं, विचार करा. फीत कापून योजना सुरू झाली असती. फिजिओची पोस्ट रिकामी राहिली तरी कुणी हललं नसतं, ‘घरचे आहेत की!’ आणि ‘घरचे’ म्हणजे बहुतेक घरांत कोण, हे वेगळं सांगायला नकोच. संशोधकांनी मात्र स्पष्ट सांगितलं की नवा पुरावा येत नाही तोवर या मार्गावर पैसा लावू नका. असं ‘नाही’ कळण्यासाठी दिलेली ग्रँटसुद्धा वसूलच.

आता गंमत बघा. गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी जवळपास अशीच आयडिया डिप्रेशनसाठी वापरली. मानसोपचारतज्ज्ञ कमी, म्हणून साध्या लोकांना समुपदेशनाचं ट्रेनिंग दिलं. फरक इतकाच की हे लोक घरचे नव्हते. समुपदेशन हेच त्यांचं काम होतं आणि त्यांच्या कामावर देखरेख होती. ग्रँट वेलकम ट्रस्टची, प्राथमिक आरोग्य केंद्रं १०, पेशंट्स ४९५. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के. हेही २०१७ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

कागदावर दोन्ही आयडिया जुळ्या बहिणी. एक चालली, एक नाही. कुठली चालेल, हे मीटिंग रूममध्ये बसून कळलं असतं का?

२०२१ मध्ये आपल्याकडे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट वगैरे मंडळींसाठी वेगळा कायदा आला. ओळख मिळाली, छान झालं. आता त्यांच्या डोक्यातल्या आयडियांनाही ग्रँट मिळायला हवी. रोज पेशंटला हात देऊन उभं करणाऱ्याला जे प्रश्न पडतात, ते एसी केबिनमध्ये पडत नाहीत, बॉस!

मित्राला हे सगळं सांगितलं. व्यायाम बंद कर असं यात कुठेही म्हटलेलं नाही, हेही बजावलं. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे मी नापास नाही?’’

‘‘नाही रे. ट्रेनिंग घेतलेल्या शेकडो घरांनी जीव तोडून करून बघितलंय. तू त्यांच्यातलाच एक.’’

आता आठवड्यातून दोनदा फिजिओ घरी येतो. भिंतीवरचा चार्ट उतरलाय. रात्रीच्या त्या अर्ध्या तासात बापलेक रमी खेळतात. उजव्या हाताने पानं टाकत बाबाच जिंकतात म्हणे.