शिकार कुणाची, राखण कुणाची?



भात निसवले की इगतपुरी तालुक्यातला शेतकरी घरात झोपत नाही. भावलीपासून वैतरणेपर्यंत आणि कळसूबाईच्या पायथ्यापासून घोटीपर्यंत रात्रभर पत्र्याचे डबे वाजतात, माळ्यांवर बॅटऱ्या चमकतात, हाळ्या उठतात. दिवसा चिखलात राबायचे आणि रात्री जागायचे. एवढे करून पहाटे जरा डोळा लागला की रानडुकरांचा कळप शिरतो. डुक्कर खाते पसाभर आणि तुडवते खंडीभर. सकाळी शेतकरी बांधावर येतो तेव्हा भात आडवे झालेले असते, सोसायटीचे कर्ज मात्र उभेच असते.

या शेतकऱ्याने काठी उचलली तर तो राखणदार. त्याच काठीने डुक्कर मेले तर तो शिकारी, गुन्हेगार, आरोपी नंबर एक. मग शहरातली माणसे विचारतात, "मुक्या जनावराला मारताना तुम्हांला काही वाटत नाही का?" या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली आहे. पण आधी उलटा प्रश्न विचारू. माणसे शिकार करतात ती कशासाठी? आणि सगळ्या शिकारी एकाच तागडीत तोलायच्या काय?

कायदा 'कसे' विचारतो, 'का' विचारत नाही

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, फासे लावणे, सापळा टाकणे, हाका घालणे, आमिष ठेवणे आणि यांतले काहीही करायचा प्रयत्न करणे, ही सगळी शिकार. कसे मारले याची यादी लांबलचक आहे. का मारले, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही.

हेतूसाठी कायद्याने फटी ठेवल्या आहेत, नाही असे नाही. कलम ११ म्हणते की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारले तर तो गुन्हा नाही. उभ्या पिकाला धोका असेल तर काही जनावरांच्या बाबतीत मारण्याची परवानगीही देता येते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी तशी वाट काढून दिली. वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा, परवानगी घ्यायची. कागदावर सगळे ठीक आहे. पण डुक्कर रात्री दोन वाजता येते आणि कचेरी सकाळी दहाला उघडते, याचा विचार कागद करणाऱ्याने केलेला नाही.

परवानगी मिळाली तरी मारायचे कशाने? इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने रयतेची हत्यारे काढून घेतली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे, पण तो परवाना मिळवता मिळवता चपला झिजतात. मिळालाच, तर निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात. २०२४ ची विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात, म्हणजे ऐन भातकापणीत होती. डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती.

हे रडगाणे नवे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये हेच मांडले आहे. रानडुकरांपासून शेत राखायला शेतकऱ्याजवळ बंदूक ठेवू द्या. तेवढे धैर्य सरकारला नसेल तर ते काम पोलीस खात्यावर सोपवा, आणि तरीही नुकसान झाले तर ते अंमलदारांच्या पगारातून कापून भरून द्या, असा त्यांचा रोख होता. गोरा साहेब गेला, काळा साहेब आला, पगार मात्र आजवर कुणाचा कापला गेला नाही.

आणखी एक गंमत पाहा. याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे मारलेले वन्य जनावर ही सरकारची मालमत्ता ठरते. म्हणजे माझ्या भातात जिवंत चरत असते तेव्हा ते डुक्कर कुणाचेच नसते. त्याला आवरायला मालक पुढे येत नाही. ते मेले की लगेच मालक हजर! दुसऱ्याचा बैल आपल्या शेतात शिरला तर आपण त्याला कोंडवाड्यात घालतो आणि मालकाकडून दंड वसूल होतो. सरकारच्या डुकराला कोंडवाडा कोणता आणि दंड कुणाला?

हेतू चार आहेत

पहिला हेतू मौज. इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज १९११ साली नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. त्याच्या लवाजम्याने थोड्या दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे लोळवले. एकाही वाघाने त्याचे पीक खाल्ले नव्हते. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले. या देशातल्या चित्त्यांची ती शेवटची मोठी नोंद समजली जाते. १९५२ साली सरकारने चित्ता संपल्याचे जाहीर केले आणि २०२२ साली आफ्रिकेतून विमानाने नवे चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सोडले. त्या कुनोतली २४ गावे त्याआधीच सिंह आणायचे म्हणून उठवली होती. सिंह आलेच नाहीत. राजाने मौज केली आणि घरदार सोडले ते गावकऱ्याने. मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव, तो असा.

दुसरा हेतू धंदा. कातडे, नखे, हाडे, खवले मांजराचे खवले. फासा लावणाऱ्याच्या हातात चार नोटा पडतात, खरा पैसा शहरातल्या दलालाच्या पेटीत जातो. पकडला जातो तो मात्र फासा लावणारा.

तिसरा हेतू पोट. आपल्याकडचा कातकरी बांधातले उंदीर खणून काढतो, ठाकर ओढ्यातले खेकडे-मासे धरतो. पारधी फाशात तितर-लावे धरत आला. यांनी कुठली जात नामशेष केली? उलट कातकऱ्याने उंदीर खणले म्हणून आपले चार पायली भात वाचले. पण १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. फासेपारधीही त्यात भरडला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांच्यावरचा तो शिक्का कायद्याने पुसला, पोलिसांच्या आणि आपल्याही मनातून तो पुसला गेला आहे काय? पोटासाठी ससा धरावा लागत असेल तर लाज ससा धरणाऱ्याला वाटायला नको, त्याच्या पोटाला दुसरे काही मिळू न देणाऱ्या व्यवस्थेला वाटायला हवी.

चौथा हेतू राखण. तो आपला.

आता या चार हेतूंना राज्यकर्त्यांनी कसे वागवले ते बघा. मौजेला त्यांनी मान दिला, मचाण बांधून दिले, हाका घालायला गावची माणसे वेठीला धरली. १९७२ च्या कायद्यातसुद्धा परवाना काढून शिकार करायची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. पोटाला त्यांनी गुन्हेगार म्हटले, राखणीला अर्जाच्या रांगेत उभे केले आणि धंद्याचे मुख्य दलाल त्यांना सापडत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

दया कुणाच्या पैशाने?

शेतकऱ्याला दयामाया नाही असे म्हणणाऱ्यांनी आमच्या तालुक्यात यावे. इथले महादेव कोळी आणि ठाकर दिवाळीत वाघबारस पाळतात. वाघदेवाला नारळ फोडून, नैवेद्य दाखवून मागणे मागतात की बाबा, आमची गुरे राख. २०२० च्या ऑगस्टमध्ये याच इगतपुरीत एका झोपडीत बिबट्याची मादी शिरली आणि तिने चार पिल्ले घातली. कुणी तिच्यावर कुऱ्हाड घेऊन गेले नाही. पुढे या तालुक्यात आणि शेजारच्या त्र्यंबकेश्वरात बिबट्याने लेकरे उचलली, म्हाताऱ्या माणसांना मारले. ज्यांची लेकरे गेली त्यांनीच वाघबारसही पाळली होती.

राजस्थानातले बिष्णोई शेतकरी काळवीट आपल्या शेतात चरू देतात. १९९८ साली जोधपूरजवळ मौजेसाठी काळवीट मारल्याचा खटला एका नामवंत सिनेनटावर झाला. त्यामागे उभे राहिले ते गावकरी. खालच्या कोर्टाने शिक्षा सुनावली २०१८ साली, वीस वर्षांनी. वर अपील झाले आणि नट जामिनावर सुटला. वन्यजीवांवर खरे प्रेम कोण करतो आणि कुणाच्या खर्चाने, हे यातून समजून घ्यावे.

२०२५ साली शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात थोड्या दिवसांत बिबट्याने लेकरे आणि एक म्हातारी मारली, लोक महामार्गावर उतरले, तेव्हा कुठे नोव्हेंबरात बिबट्याला गोळी घालण्यात आली. हे मारणे शिकार नव्हे आणि सूडही नव्हे. ती उशिरा केलेली राखण होती.

शहरातल्या माणसाला बिबट्या हवा, हे आम्हांला मान्य आहे. जंगल आम्हांलाही हवे, आमचे पाणी तिथूनच येते. पण बिबट्या आणि डुक्कर हे साऱ्या देशाचे धन असेल तर ते पोसण्याचा खर्च एकट्या भातशेतकऱ्याच्या ताटातून का? आयजीच्या जीवावर बायजी उदार! शरद जोशींनी इंडिया आणि भारत असा जो भेद दाखवला तो इथेही तसाच आहे. दया इंडियाची आणि वर्गणी भारताची.

आता आपल्या घरात बघू

दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. आपल्यातले काहीजण शेताभोवती उघड्या तारेत वीज सोडतात. तारेला हेतू कळत नाही. तिच्यावर डुक्कर मरते, बिबट्या मरतो, शेजाऱ्याचा बैल मरतो आणि रात्री पाण्याची पाळी धरायला गेलेला शेजाऱ्याचा पोरगाही मरतो. काहीजण कणकेत स्फोटकाचा गोळा ठेवतात. जनावराचा जबडा फुटतो आणि ते दिवसचे दिवस तडफडून मरते. मेलेल्या शेळीत विष घालून बिबट्या मारणारेही आहेत. याला राखण म्हणणे हा राखणीचा अपमान आहे.

आणि काहीजण धरणाकाठच्या बंगल्यांवर आलेल्या पाहुण्यांना रात्री गाडीत घालून 'शिकार दाखवायला' नेतात, पैसे घेतात. पाहुण्याची मौज आणि आपल्याच माणसाचा धंदा, आणि पकडले गेले की दोघेही म्हणणार, पीक राखत होतो. आपल्या खऱ्या दुःखाची खोटी पावती फाडणारे हे लोक खऱ्या राखणदाराच्या पायावर धोंडा पाडतात. परवानगी घेऊन बाहेरून येणाऱ्या हौशी नेमबाजाच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवा. गरज आपली आणि मौज त्याची, असा सौदा नको.

सरकार म्हणते, हेतू माणसाच्या पोटात असतो, तो तपासायचा कसा? कसोटी अगदी सोपी आहे आणि ती आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. पीक घरात आले की राखण संपते. खळे उठल्यावरही ज्याचा हात शिवशिवतो, तो राखणदार नव्हे, शिकारी. जो जनावर शेतात आल्यावर उठतो तो राखणदार. जो जनावराच्या मागे रानात जातो त्याचा हेतू दुसरा. हे वनखात्याच्या कचेरीला कळणार नाही, गावाला मात्र शंभर टक्के कळते. कोण राखतो आणि कोण चोरटी शिकार करतो, हे प्रत्येक वाडीला माहीत असते.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायच्या गोष्टी

१. केरळात २०२२ साली पिकात येणारी रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखाकडे दिला. महाराष्ट्रातही तो गावाकडे द्यावा. आदिवासी क्षेत्रात तो ग्रामसभेकडे असावा.

२. पिकाचा पंचनामा ठरलेल्या मुदतीत झाला नाही तर शेतकऱ्याचा अर्ज हाच पंचनामा मानावा आणि उशिराच्या रकमेवर व्याज द्यावे. ही मदत नव्हे, सरकारच्या जनावरांनी केलेल्या चराईचा हिशेब आहे.

३. माणसाचा जीव गेल्यावर पैसे देण्याची तत्परता, बिबट्या पहिल्यांदा वस्तीत दिसला तेव्हा पिंजरा आणि गस्त देण्यात दाखवावी.

४. आणि आपल्यासाठी: तारेत वीज नाही, गोळा नाही, विष नाही, पाहुण्यांची शिकार नाही, विक्री नाही. जो हे मोडेल त्याच्या जामिनाला कार्यकर्त्याने जाऊ नये.

चौथी गोष्ट आपण आधी पाळू, म्हणजे पहिल्या तीन मागताना मान ताठ राहील. आम्हांला शिकारीचा परवाना नको, राखणीचा हक्क हवा आहे. यंदा भात निसवायच्या आत हा ठराव प्रत्येक गावच्या ग्रामसभेत झाला पाहिजे.