शंभराचे एकशेवीस करताना

लखनऊ ते आग्रा हा द्रुतगती मार्ग 302 किलोमीटर लांबीचा आहे. तासाला 100 किलोमीटरने तो पार करण्यास तीन तास लागतात आणि 120 ने अडीच. महामार्गावरील वेगमर्यादा सैल करावी की आवळावी, हा वाद जेव्हा जेव्हा उफाळतो तेव्हा एका पारड्यात हा अर्धा तास असतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे हे मोजण्यास अकरावीच्या भौतिकशास्त्रापलीकडे जावे लागत नाही. तरीही ते मोजून मग मत देणारे विरळाच. (पाठ्यपुस्तकाप्रमाणे येथे ‘चाल’ म्हणावयास हवे, ‘वेग’ नव्हे. रस्त्यावरील पाटीने हा भेद कधीच मोडीत काढला आहे; मीही पाटीच्याच भाषेत लिहितो.)

एप्रिल 2018 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी कमाल मर्यादा 120 केली. 2021 साली मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली आणि त्याच वर्षी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी 140 ची मर्यादा असावी असे आपले व्यक्तिगत मत जाहीर केले. 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला तो 120 ची पाटी लावूनच. ‘रस्ते आता चांगले झाले, मग मर्यादा जुनी का?’ हा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद आहे. समृद्धीचा संकल्पित वेग 150 आहे, असेही त्यात जोडले जाते. परंतु संकल्पित वेग हा वळणांची त्रिज्या, रस्त्याचा बाजूचा उतार आणि दृष्टिपल्ला यांच्याविषयीचा आकडा आहे. चालकाची झोप, टायरमधील हवा आणि पुढे चाललेला ट्रक यांच्याविषयी तो काहीही सांगत नाही.

आता हिशेब. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा काळ भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत 2.5 सेकंद धरतात आणि महामार्गावरील घर्षणांक 0.35. तासाला 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर. प्रतिक्रियाकाळात गाडी सुमारे 69 मीटर पुढे जाते, नंतर ब्रेक लावून थांबण्यास 112 मीटर लागतात. एकूण साधारण 182 मीटर. हाच हिशेब 120 ला केला तर 245 मीटर येतात. म्हणजे वेग वीस टक्क्यांनी वाढला, थांबण्याचे अंतर मात्र पस्तीस टक्क्यांनी.

पण खरा धक्का पुढे आहे. समजा, 182 मीटरवर एक बंद पडलेला ट्रक उभा आहे. 100 ने येणारी मोटार त्याच्या पाठीशी टेकता टेकता थांबेल. त्याच क्षणी तो ट्रक पाहणारी 120 ची मोटार त्याच्यावर किती वेगाने आदळेल? वीस किलोमीटरचा तर फरक, म्हणून बहुतेक विद्यार्थी वीसच्या आसपासचे उत्तर देतात. उत्तर 75 आहे. ब्रेक वेग समप्रमाणात घटवीत नाहीत, वेगाचा वर्ग घटवतात. शिवाय प्रतिक्रियाकाळात 14 मीटर अधिकचे गेलेले असतात. ज्याला ही दोन वाक्ये पटत नाहीत त्याने कागद घेऊन स्वतः गणित करावे. मलाही पहिल्यांदा ते दोनदा करावे लागले.

लखनऊच्या हिवाळ्यात हे गणित अधिकच क्रूर होते. यमुना द्रुतगती मार्गावर 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी या धुक्याच्या काळात मोटारींची मर्यादा गेल्या काही वर्षांत 100 वरून 75–80 पर्यंत खाली आणली जाते. निर्णय योग्य दिशेचा आहे, पण आकडा फसवा आहे. दृश्यमानता 50 मीटर असेल तर 75 ने जाणारी गाडी प्रतिक्रियाकाळातच 52 मीटर कापते. समोरच्या उभ्या वाहनावर ती ब्रेकला स्पर्श होण्यापूर्वीच, पूर्ण वेगाने आदळलेली असते. अत्यंत सावध चालक घेऊ, दीड सेकंदात प्रतिसाद देणारा. तरी धडकेचा वेग 63 उरतो. 50 मीटरच्या धुक्यात मानकांच्या हिशेबाने सुरक्षित वेग सुमारे 43 येतो. ‘हिवाळ्याची मर्यादा 75’ ही पाटी चालकाला धोका सांगत नाही, तर परवानगी देते. मर्यादा दिनदर्शिकेला नव्हे, दृश्यमानतेला बांधलेली हवी. दृश्यमानता मोजणारी यंत्रे विमानतळांवर धावपट्टीच्या कडेला असतातच. तीच रस्त्याकडेला ठेवून बदलत्या पाट्या लावणे हे काही अवघड विज्ञान नाही.

दुसरी गोष्ट वेगांतील फरकाची. 10 जुलै 2024 च्या पहाटे याच मार्गावर उन्नाव जिल्ह्यात बिहारहून दिल्लीला निघालेली डबल-डेकर बस आणि दुधाचा टँकर यांच्या अपघातात 18 माणसे मृत्युमुखी पडली. अशा बसमध्ये वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाला कोणी वेग विचारून ठरवत नाही. वेगाचा अर्धा तास एकाच्या खात्यात जमा होतो, किंमत दुसऱ्याच्या खात्यातून वजा होते. आपल्या द्रुतगती मार्गांवर 100 ची मोटार, 60–80 चा ट्रक आणि, टोल भरून, दुचाकी व ट्रॅक्टरसुद्धा एकत्र चालतात. मोटारींची मर्यादा 120 केली की ट्रकचा वेग वाढत नाही, दोघांमधील सापेक्ष वेग तेवढा वाढतो. जर्मनीच्या ऑटोबानचा दाखला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तेथे ताशी 60 हून अधिक वेगाने धावू शकणाऱ्या वाहनांनाच प्रवेश असतो, आणि तरीही 1974 पासून 130 चा शिफारशीचा वेग ठरलेला आहे.

आकडेवारीबाबत मात्र थोडे सावध राहावे. केंद्राच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मेली, सर्वाधिक, 22,595, उत्तर प्रदेशात. आणि सुमारे 71 टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदले आहे. हा रकाना पोलिसांना भरण्यास सर्वांत सोपा असतो, म्हणून त्या टक्केवारीवर मी फार भार टाकणार नाही. त्याहून भरवशाचे वाटते ते स्वीडनच्या योरान निल्सन यांचे प्रतिरूप: प्राणघातक अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात. मर्यादा वाढवल्याने सरासरी वेग जेमतेम पाच टक्क्यांनी वाढला तरी असे अपघात एकवीस-बावीस टक्क्यांनी वाढतील. घात आपल्या रस्त्यांवर नेमका चार नसेल, तीन असेल. तरी सोळा टक्के होतातच.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मोकळ्या, रुंद रस्त्यावर विनाकारण 40 ची पाटी लावली की लोक ती पाळत नाहीत, आणि एक पाटी न पाळण्याची सवय पुढच्या योग्य पाटीलाही लागू होते. म्हणून सरसकट आवळण्याच्या बाजूने मी नाही. ज्या मर्यादा आहेत त्या खऱ्या असाव्यात. कॅमेऱ्यापुरता ब्रेक आणि कॅमेरा मागे पडताच 130, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. कलनशास्त्रातील मध्यमूल्य प्रमेय येथे फार उपयोगी पडते: दोन नाक्यांमधील सरासरी वेग 100 हून अधिक असेल, तर वाटेत किमान एका क्षणी तुमचा वेग 100 हून अधिक होताच, मग कॅमेरा असो वा नसो. इटलीत 2005 पासून सरासरी वेगावर दंड करणारी यंत्रणा चालते. आपल्याकडे फास्टॅग प्रवेशाची आणि निर्गमनाची वेळ टिपतोच. उरते ती एक वजाबाकी आणि एक भागाकार.

आग्रा–लखनऊ मार्गावर दृश्यमानतेनुसार बदलणाऱ्या पाट्या आणि सरासरी वेगाची तपासणी या दोन गोष्टी वर्षभर नीट चालवून दाखवाव्यात, त्याची आकडेवारी खुली ठेवावी. 120 ची चर्चा त्यानंतर करता येईल. तोवर माझे मत 100 ला, आणि जानेवारीच्या पहाटे 40 ला.