निवृत्तीनंतर पुन्हा कामावर: हौस किती, गरज किती?

३१ मे हा महाराष्ट्रात निरोप समारंभांचा दिवस. आपल्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी सोयीने लिहून टाकलेली तारीख! राज्य सरकारच्या नोकरीत गट ड वगळता बाकीच्यांना ५८ व्या वर्षी निवृत्ती मिळते आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मेला शाळाशाळांत, कचेऱ्यांत शाल, नारळ, हार आणि भाषणं. "सर, आता आराम करा, नातवंडांत रमा, हजला जाऊन या," असं प्रत्येक जण सांगतो.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्यातलेच काही सर पुन्हा खडू घेऊन वर्गात उभे दिसतात. कोणी खासगी शाळेत रोज तीन तास शिकवतात, कोणी क्लास घेतात, कोणी एखाद्या ट्रस्टच्या ऑफिसात हिशेब लिहितात. एसटीतून निवृत्त झालेले चाचा शाळेच्या बसवर दिसतात, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले हवालदार सोसायटीच्या गेटवर. मोहल्ल्यात लोक विचारतात, "काय हो, घरात बसवत नाही का?" ते हसून म्हणतात, "बस, टाइमपास."

आम्हाला या 'टाइमपास'वर थोडं थांबून बोलायचं आहे. कारण बहुतेक घरांत तो टाइमपास नसतो. त्याच्यामागे पेन्शनचा तोकडा हिशेब असतो, मुलांचं अर्धवट शिक्षण असतं, कधी मुलीचं लग्न असतं. आणि गरज लपवली की माणूस स्वतःच्या कामाचं मोल मागत नाही. आमचा मुद्दा तोच आहे. निवृत्तीनंतर काम करण्यात कमीपणा काहीच नाही, पण ते काम 'असंच' नसावं. त्याला ठरलेले तास, ठरलेला मोबदला आणि ठरलेली मुदत असायला हवी.

सरकारनेच परत बोलावलं तेव्हा

जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने एक निर्णय घेतला. जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर नियमित भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने घ्यायचं. वयाची मर्यादा ७० वर्षे, मानधन महिना २०,००० रुपये, बाकी कुठलेही लाभ नाहीत. शिक्षक नसलेल्या वर्गांसाठी हा तात्पुरता उपाय होता, हे खरं. उर्दू माध्यमाच्या शाळांत तर एक शिक्षक निवृत्त झाला की दोन-दोन वर्ग एकत्र बसवायची वेळ येते, हे पालकांना सांगायला नको.

पण त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये शिक्षक अभियोग्यता चाचणी देऊन हजारो तरुण भरतीची वाट बघत बसले होते. डी.एड., बी.एड. करून घरी बसलेल्या मुलामुलींनी विचारलं, "आमच्या जागेवर पेन्शनवाले कशाला?" त्यांचा राग समजण्यासारखा होता.

चूक निवृत्त शिक्षकाची होती का? आम्हाला तसं वाटत नाही. जागा वेळेवर न भरणं ही सरकारची जबाबदारी. मात्र यातली एक गोष्ट नीट बघितली पाहिजे. ज्याला दरमहा पेन्शन मिळते, त्याला वरचे २०,००० रुपये परवडतात. ज्याला घर उभं करायचं आहे, त्या तरुणाला ते परवडत नाहीत. म्हणजे कामाची खरी किंमत कोण भरतो? काही भाग सरकार भरतं आणि उरलेला गुरुजींची आयुष्यभराची सेवा भरते. एकदा का त्या कामाचा भाव २०,००० ठरला, की पुढे येणाऱ्या तरुणालाही तोच भाव दाखवला जातो. निवृत्त माणसाने कमी पैशांत काम धरलं तर त्याचा परिणाम शेवटी त्याच्याच बेकार मुलावर किंवा पुतण्यावर होतो, हे विसरून चालणार नाही.

पेन्शन आहे कुणाला?

आता दुसरी बाजू. "पेन्शन आहे की, मग कशाला हवं काम?" असं म्हणणारे खूप. पण पेन्शन आपल्यातल्या किती जणांना आहे?

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं होतं की शहरांतल्या मुस्लिम कामगारांपैकी साधारण २७ टक्केच नियमित पगाराच्या कामात आहेत. अनुसूचित जाती-जमातींमध्ये हे प्रमाण ४० टक्के, ओबीसींमध्ये ३६ आणि उच्च जातीय हिंदूंमध्ये ४९ टक्के होतं. मालेगाव-भिवंडीचा लूम कामगार, गॅरेजवाला, शिंपी, फळांची गाडी लावणारा यांच्या आयुष्यात 'निवृत्ती' हा शब्दच नसतो. हात थकले की काम थांबतं, एवढंच. देशाचंही चित्र फार वेगळं नाही. २०१७-१८ च्या लासी या राष्ट्रीय पाहणीत ६० वर्षांवरच्या सुमारे ३६ टक्के लोकांनी आपण अजून काम करतो, असं सांगितलं होतं.

ज्यांची नोकरी पगाराची होती, त्यांच्यातही तीन थर आहेत.

पहिला थर जुन्या सरकारी पेन्शनवाल्यांचा. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. यांचं बरं चाललंय असं आपण धरून चालतो. पण निवृत्त होताना बहुतेक जण पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेतात. घराचं कर्ज किंवा मुलीचं लग्न त्यातून उरकतं. तो कापला गेलेला भाग पुन्हा सुरू व्हायला १५ वर्षे लागतात. म्हणजे ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या सरांना पूर्ण पेन्शन ७३ व्या वर्षी दिसते. मधल्या काळात हाताला काम असेल तर बरं, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

दुसरा थर खासगी कंपन्या आणि कारखान्यांतल्या लोकांचा, म्हणजे ईपीएस-९५ वाल्यांचा. इथे पगार कितीही असला तरी बहुतेकांची पेन्शन १५,००० रुपयांची मर्यादा धरून मोजली जाते. तीस वर्षे राबलेल्या माणसाच्या हातात महिन्याला ७,००० रुपयेही पडत नाहीत. किमान पेन्शन १,००० रुपये आहे, तीही सप्टेंबर २०१४ पासून तिथेच थांबलेली. एवढ्यात महिन्याचं रेशन आणि बीपी-शुगरची औषधंसुद्धा भागत नाहीत.

तिसरा थर आखातातून परत आलेल्यांचा. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांचा कणा म्हणजे दुबई, कुवेत, सौदीत राबणारे अब्बा. तिथे नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. यूएईमध्ये पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार, असा तिचा हिशेब. ती रक्कम बंगल्याच्या स्लॅबमध्ये गेली की गावी परतलेला माणूस दोन वर्षांत पुन्हा काम शोधू लागतो.

या तिन्ही थरांच्या बाहेर जे उरतात त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे. वय ६५ च्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर महिना १,५०० रुपये. म्हणजे रोजचे पन्नास.

व्याज नको, मग पुंजीचं काय?

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि त्यावर उघड बोललं जात नाही. निवृत्त माणसाला बँकवाला पहिला सल्ला देतो तो ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. १५ लाख ठेवले तर या दराने महिन्याला साधारण १०,२५० रुपये सुटतात. शेजारच्या कुलकर्णी काकांचं घर त्यावर निवांत चालतं. पण आपल्यातले बरेच जण व्याज घेत नाहीत. हा त्यांच्या इमानाचा प्रश्न आहे आणि आम्ही त्याचा आदर करतो.

मात्र त्याची किंमत कुठून भरली जाते, तेही बघायला हवं. १५ लाख चालू खात्यात पडून राहतात आणि महागाई त्यांना खात राहते. नाहीतर ते सोन्यात, प्लॉटमध्ये, मुलाच्या दुकानात जातात. महिन्याला ठरलेली रक्कम यातल्या कशातूनच येत नाही. मग ती १०,००० ची जागा अब्बा पुन्हा कामावर जाऊन भरून काढतात. व्याज न घेणाऱ्या घरात निवृत्तीनंतरचं काम हीच बऱ्याचदा पेन्शन असते.

इथेच फसवणुकीलाही वाव मिळतो. बेंगळुरूची आयएमए कंपनी हलाल नफ्याचं नाव सांगून पैसे गोळा करत होती. जून २०१९ मध्ये ती कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. म्हणून दरमहा ठरलेला मोठा 'हलाल' नफा देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. दुकानाचा गाळा घेऊन भाड्याने देणं, ओळखीच्या धंद्यात कागद करून नफा-तोट्याची भागीदारी करणं, असे साधे मार्ग आहेत. त्यातही आधी जाणत्या माणसाला विचारावं.

'खिदमत' म्हणून फुकट नको

आता थोडं आपल्याच संस्थांबद्दल. आपल्या शाळा, ट्रस्ट, शिकवणी वर्ग निवृत्त लोकांवर बरेच चालतात. अनुभवी माणूस मिळतो, ही चांगलीच गोष्ट. पण "सर, हे तर कौमचं काम आहे, खिदमत समजा," असं म्हणून दोन तासांचे पाच तास होतात आणि मानधन तीन-तीन महिने थकतं. सर संकोचाने मागत नाहीत. घरी अम्मी विचारतात, तेव्हा "देतील, देतील" म्हणून वेळ मारून नेतात.

खिदमत ही ज्याची त्याने आपल्या मर्जीने करायची गोष्ट आहे. दुसऱ्याने ती कापून घ्यायची नसते. मजुराची मजुरी वेळेत देण्याची ताकीद आपल्या दीनमध्ये इतकी स्पष्ट आहे की त्यावर वेगळं प्रवचन देण्याची गरज नाही. जी संस्था वीजबिल वेळेवर भरू शकते, ती सरांचं मानधनही वेळेवर देऊ शकते.

बायकांच्या बाबतीत तर हिशेब आणखी वाकडा आहे. बत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या मॅडमना दुसऱ्याच दिवसापासून घरात पूर्णवेळ काम लागतं. नातवंडं सांभाळा, सुनेच्या ड्युटीच्या वेळा बघा, पाहुण्यांचं करा. अशा मॅडमनी रोज दोन तास बाहेर शिकवायला जायचं ठरवलं तर घरातूनच "आता काय गरज?" असा सूर निघतो. पुरुष कामावर गेला तर मेहनती आणि बाई गेली तर घराकडे दुर्लक्ष, हा न्याय बरोबर नाही. तिला ते दोन तास कदाचित पैशांपेक्षा स्वतःसाठी हवे असतील.

जाण्याआधी चार गोष्टी ठरवा

पुन्हा काम धरण्याआधी घरात बसून सरळ बोलावं, असं आम्ही सुचवतो.

एक, काम पैशांसाठी करतोय की मन रमवायला, हे आधी घरच्यांना खरं सांगा. पैशांची गरज असेल तर कमावत्या मुलांनाही ते कळू द्या. आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी २००७ च्या कायद्यानेही मुलांवर टाकली आहे. पण गोष्ट कायद्यापर्यंत जाण्याआधी दस्तरखानवर सुटावी.

दोन, तास, मानधन आणि मुदत साध्या कागदावर लिहून घ्या. ओळखीत कागद कसला, असं म्हणू नका. उलट ओळखीतच कागद जास्त कामाला येतो. मानधन खात्यावर घ्या. त्यातून टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरा. एकूण उत्पन्नावर कर लागत नसेल तर कापलेले पैसे परत मिळतात.

तीन, औषधपाण्याची सोय कामाच्या भरवशावर ठेवू नका. अर्धवेळ कामात ती सहसा नसतेच. ईएसआयचं कार्ड असलेला आणि किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेला कामगार वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीसाठी उपचार चालू ठेवू शकतो. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. घरातल्या तरुणांनी ही कार्डं काढून द्यावीत.

चार, शक्य असेल तिथे तरुणाची जागा अडवू नका. पूर्ण वर्ग घेण्यापेक्षा नव्या शिक्षिकेला तयार करा, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवा, मोहल्ल्यातल्या लोकांचे पेन्शन-रेशनचे अर्ज भरून द्या. तीस वर्षांचा अनुभव अशा कामात जास्त उपयोगी पडतो.

पुढच्या ३१ मेलाही शाल-नारळ होतील, भाषणं होतील. त्या दिवशी घरी परतलेल्या अब्बांना "आता आराम करा" एवढंच सांगून आपण मोकळे होतो. त्याऐवजी रात्री जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "अब्बा, महिन्याला किती लागतील? आणि तुम्हाला काय करायला आवडेल?" या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असतात. पहिल्याचा भार घराने उचलला, तर दुसऱ्याचं उत्तर अब्बा स्वतः शोधतील.