कापड, रेझिन आणि विमान

विमान कशाचं बनवतात असं कुणी विचारलं, तर आपण बहुतेक जणी पटकन ‘पत्र्याचं’ असं सांगू. ते चूकही नाही. मोठी प्रवासी विमानं वर्षानुवर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचीच होत आली. पण दोन माणसं बसतील अशी छोटी, हलकी विमानं आज बरीचशी कापडाची होतात, असं सांगितलं तर? काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्यांचं कापड घ्यायचं, साच्यात अंथरायचं, रेझिनमध्ये भिजवायचं, थरावर थर द्यायचे आणि कडक झालं की साच्यातून अलगद सोडवायचं. यालाच ‘कॉम्पोझिट’ म्हणतात. या कलेची तोंडओळख करून घ्यायला बंगळुरू नाहीतर परदेश गाठायला नको. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर ती केव्हाच येऊन बसली आहे. फक्त तिला आपण ‘फायबरची होडी’ म्हणून ओळखतो.

हेच नीट बघावं म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधी मी दाभोळला गेले. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि डागडुजीची घाई असते. दापोलीहून एस.टी.ने उतरलं की समोर वाशिष्ठीची रुंद खाडी, पलीकडे धोपाव्याला नेणारी फेरीबोट, अलीकडे आदिलशाहीच्या काळातली देखणी दगडी मशीद. आणि खाडीकाठी पत्र्याची एक शेड. शेडच्या दारातच नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा उग्र वास नाकात शिरला. आत एका होडीचा अर्धा तळ साच्यात पडला होता आणि चार माणसं ब्रश आणि लोखंडी रोलर घेऊन त्यावर वाकली होती.

शेडच्या मालकाचा भाचा मला सगळं समजावून सांगत होता. हा मुलगा काही वर्षं बंगळुरात विमानाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. लॉकडाऊनमध्ये गावी आला तो मामाच्या शेडमध्येच रमला. ‘‘ताई, तिकडचं काम आणि इकडचं काम, जात एकच,’’ तो म्हणाला, ‘‘फरक फक्त शिस्तीचा.’’

आधी इकडचं काम सांगते. साच्याला मेण चोळून चकचकीत करतात, म्हणजे वस्तू चिकटून बसत नाही. त्यावर रंगाचा जाड लेप देतात, त्याला जेलकोट म्हणतात. मग काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, वर ब्रशने रेझिन ओतत, पसरत जायचं आणि रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. हवेचा बुडबुडा राहिला की तिथे होडी कमजोर. रेझिन नुसतं कडक होत नाही, त्यात हार्डनर घालावा लागतो. तो घातला की घड्याळ सुरू. वीस-पंचवीस मिनिटांत भांड्यातलं मिश्रण घट्ट व्हायला लागतं, भांडं हाताला गरम लागतं. रव्याच्या लाडवाचा पाक करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. वेळ चुकली की हातातलं सगळं वाया.

आता तिकडचं काम. तिथे अंदाजाला जागा नाही. कापड वजन करून घ्यायचं, रेझिन वजन करून घ्यायचं, खोलीचं तापमान आणि दमटपणा वहीत लिहायचा. मॅटच्या होडीत वजनाने साधारण एक तृतीयांश काच असते आणि बाकी रेझिन. विमानात हे गणित जवळजवळ उलटं करतात, कारण ताकद धाग्यात असते, रेझिन फक्त धाग्यांना धरून ठेवतं. जास्तीचं रेझिन म्हणजे फुकटचं ओझं. म्हणून थर दिल्यावर वरून प्लॅस्टिकची पिशवी हवाबंद लावतात आणि पंपाने आतली हवा ओढून घेतात, की थर एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि फाजील रेझिन निथळून येतं. मग ठरलेल्या तापमानाला भाजणी. कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला, आडवा कुठल्या, हेही ठरलेलं. पंखाला ज्या बाजूने ताण बसतो, त्या बाजूनेच धागा धावला पाहिजे. उभ्या धाग्यावरचं कटिंग आणि तिरक्या धाग्यावरचं कटिंग यातला फरक जिला कळतो, तिला हे चटकन उमजेल.

तपासणीची एक रीत ऐकून तर मला हसूच आलं. तयार भागावर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करत जायचं. आवाज खणखणीत आला तर थर नीट बसलेत, बद्द आला तर आत पोकळी आहे. फणस पिकला का, मडक्याला चीर आहे का, हे आपण असंच तर बघत आलो. मोठ्या कारखान्यात पुढे यंत्रानेही तपासतात, पण ही टकटक अजून सुटलेली नाही.

अशा कामातून काय उभं राहतं त्याचं आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे ‘हंसा’. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या सरकारी संस्थेने घडवलेलं हे दोन आसनी विमान पहिल्यांदा उडालं १९९३ मध्ये. ‘हंसा-३’ला २००० मध्ये उड्डाणाचं प्रमाणपत्र मिळालं. पायलट होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या शिक्षणासाठी ते बनवलं. माणसं आणि इंधन धरून त्याचं वजन जास्तीत जास्त ७५० किलो, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या रिकाम्या अल्टो गाडीएवढं! त्याची सुधारित आवृत्ती २०२१ च्या सप्टेंबरमध्ये उडाली आणि ते विमान बनवण्याचा परवाना २०२५ मध्ये मुंबईच्या पायोनिअर क्लीन अ‍ॅम्प्स या कंपनीला दिला गेला. मोठ्या विमानांचंही तेच चाललंय. बोइंग ७८७ हे प्रवासी विमान वजनाने निम्मं कॉम्पोझिटचं आहे आणि त्याच्या जमिनीखालच्या तुळया आपल्या नागपुरात, मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यात घडल्या. थोडक्यात, हे काम आता दूरदेशीचं राहिलेलं नाही.

आता मला जे सांगायचंय त्याकडे येते.

दाभोळच्या त्या शेडमध्ये एका कोपऱ्यात पंचविशीची एक मुलगी जमिनीवर बसून मॅट कापत होती. समोर पुठ्ठ्याचे कटिंग, हातात मोठी कात्री, बाह्या मनगटापर्यंत, कारण काचेची कुसं अंगाला फार खाजतात. ही दापोलीत शिवणकाम शिकलेली. पूर्वी मॅटचे खूप तुकडे वाया जायचे. हिने पुठ्ठे असे काही फिरवून मांडले की वाया जाणारा माल बराच कमी झाला. ‘‘ब्लाउजपीसमधनं बाह्या काढायची सवय आहे ना ताई,’’ ती हसत म्हणाली. कुठल्या भागाला किती थर, किती रेझिनला किती हार्डनर, थंडी-पावसात प्रमाण कसं बदलायचं, सगळं तिला तोंडपाठ. पण रोलर हातात घेणारे ते ‘मिस्त्री’ आणि ही ‘हेल्पर’. रोजही हेल्परचाच.

मी मालकांना विचारलं, ‘‘हिला रोलर का देत नाही?’’

‘‘बायकांना वास सोसत नाही हो,’’ ते म्हणाले. माणूस भला होता, वाईट हेतूने म्हणाला नाही. पण तो वास त्या चार पुरुषांना तरी कुठे सोसत होता? त्यांच्या नाकाला नुसता रुमाल बांधलेला. आणि ती मुलगी त्याच शेडमध्ये, त्यांच्यापासून दहा हातांवर बसून तीच हवा दिवसभर घेत होती. म्हणजे धोका तिच्या वाट्याला पुरेपूर आला, हुद्दा आणि पैसा तेवढा नाही आला.

हा धोका खोटा नाही. होडीच्या रेझिनमध्ये स्टायरीन असतं. त्याच्या वाफेने डोकं दुखतं, गरगरतं, डोळे चुरचुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘माणसात बहुधा कर्करोग घडवणारं’ अशा गटात घातलं. विमानाच्या कामात इपॉक्सी वापरतात, त्याचा वास कमी, पण कातडीला त्याची अ‍ॅलर्जी जडली की मग जन्मभर पिच्छा सोडत नाही. यावर उपाय बाईला कामावरून दूर ठेवणं हा नव्हे. उपाय म्हणजे खेळती हवा, वाफ ओढणारे पंखे, हातमोजे आणि वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्या लावलेला मास्क. कापडी रुमाल किंवा करोनातला साधा मास्क वाफेला अडवत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. आणि ही सोय बाईसाठी केली तर तिचा फायदा शेजारच्या पुरुषालाही होणारच आहे.

विमानाच्या इतिहासात हे सगळं एकदा घडून गेलंय. पहिल्या महायुद्धाच्या वेळी विमानांचे पंख लाकडी सांगाड्यावर लिननचं कापड ताणून करत. पुरुष लढाईवर गेलेले, त्यामुळे इंग्लंडमधल्या कारखान्यांत ते कापड शिवायला आणि त्यावर ताण आणणारं द्रावण फासायला बायका-मुली कामाला लागल्या. त्या द्रावणात टेट्राक्लोरोइथेन नावाचं विषारी रसायन होतं. कामगारांना कावीळ व्हायला लागली, काही जणी दगावल्या. मग कुठे हवा खेळती ठेवण्याचे नियम आले आणि ते रसायन मागे पडून दुसरं आलं. म्हणजे बाईचा हात विमानाला अगदी सुरुवातीपासून लागलेला आहे, आणि त्याची किंमतही तिने मोजलेली आहे.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहायला हवं. ‘बायकांची बोटं नाजूक, त्यांना बारीक काम छान जमतं’ असं कौतुक कारखान्यांत सर्रास ऐकू येतं. ऐकायला गोड वाटतं. पण बोटं देवाने दिलेली आहेत असं म्हटलं की त्याचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत! त्या मुलीने पुठ्ठे फिरवून माल वाचवला तो नाजूक बोटांनी नव्हे, डोक्याने. ते कौशल्य आहे, शिकून आणि सरावाने आलेलं. कौशल्याला नाव असतं, प्रमाणपत्र असतं, पगाराची पायरी असते. आपल्याला हवी आहे ती ही पायरी.

दाभोळकरांना मोठ्या कारखान्यांची स्वप्नं नवीन नाहीत. दाभोळचं नाव जगभर गेलं ते एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे. खरं तर तो प्रकल्प खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. त्याच्या विरोधात वेलदूरच्या कोळणी रस्त्यावर उतरल्या, १९९७ मध्ये त्यांनी पोलिसांचा मार आणि अटकही सोसली. २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला, पुढे काही वर्षांनी दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झाला. मोठी कंपनी येते, जाते, नाव बदलते. अशा वेळी गावात काय उरतं? माणसांच्या हातात जे आलेलं असतं ते. म्हणून विमानाचा कारखाना कोकणात कधी येईल याची वाट बघत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. हात आधी तयार असले तर कामाकडे जाताही येतं. तो भाचा नाही का, होडीच्या शेडमधून विमानाच्या कारखान्यात गेला आणि परत येताना वजनकाटा आणि वही घेऊन आला! मग त्याची मामेबहीण का जाऊ नये?

जायच्या वाटा आहेत. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात, आणि त्यातल्या किती तरी पुरेशा अर्जांअभावी रिकाम्या राहतात ही आपलीच रड. शिवणकाम आणि ब्युटीपार्लर वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण मुलगी म्हटली की आपण त्या दोन दारांपाशीच थांबतो. फिटर, प्लॅस्टिकचं काम, मोजमाप-तपासणीचं काम ही दारं ठोठावून तरी बघू. नागपूरच्या आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. लांब आहे, खर्चाचं आहे, मान्य. मुलग्याला पुण्याला धाडताना आपण हाच हिशेब कसा करतो, तेही जरा आठवून बघू.

आणि जिथे मुली अशा कामाला आधीच लागल्या आहेत, मग ती होडीची शेड असो, पाण्याच्या टाक्यांचा कारखाना असो की गाड्यांचे बंपर बनवणारं वर्कशॉप, तिथे आईने, सासूने, मोठ्या बहिणीने चार प्रश्न विचारावेत. तुझ्या हजेरीपुस्तकात काय लिहितात, हेल्पर की कारागीर? तुला रोलर धरायला शिकवलं का? मास्क कसला देतात, त्याची डबी बदलतात का? दिवस गेले तर वासापासून दूरचं काम देतील का, आणि तेही पगार न कापता? हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. होडीला किती थर दिले हे विचारून घेतल्याशिवाय कुठलाही नाखवा पैसे मोजत नाही.

दहावी-बारावीचे निकाल लागतील तेव्हा घराघरांत तीच चर्चा होईल. मार्क किती, कॉलेज कुठलं, लांब नको, जवळचंच बरं. त्या चर्चेत यंदा हे एक कामही असू द्या. मुलीला विचारा, कापडाचं विमान बनवायला आवडेल का तुला? ती आधी हसेल. मग तिला फायबरची एखादी होडी हात लावून दाखवा, टकटक करून आवाज ऐकवा आणि आयटीआयचा फॉर्म कधी निघतो त्याची चौकशी करायला तिच्याबरोबर तुम्हीही जा.