सही नसलेलं चित्र

आमच्या कोडमध्ये कुठली ओळ कोणी बदलली ते एका कमांडवर कळतं. शिव्या कोणाला घालायच्या तेही! त्यामुळेच बहुधा हे चित्र डोक्यातून जात नाहीये.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर आर्ट म्युझियममध्ये बोस्टनच्या एलिझाबेथ फ्रीकबाईंचं पोर्ट्रेट आहे. १६७१ मध्ये काढलं तेव्हा त्यात त्या एकट्याच होत्या. १६७४ मध्ये मेरी झाली आणि त्याच कॅनव्हासवर तिला आईच्या मांडीवर उभं केलं. खालचे जुने हात क्ष-किरणांनी दाखवले. बाळाचं वय सहा महिने, हेसुद्धा चित्रावर लिहिलंय. चित्रकाराचं नाव मात्र कुठेच नाही.

अशा निनावी चित्रकारांना 'भाबडे' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला नाही पटत. चेहरे सपाट आहेत, मान्य. पण ती इंग्लंडातली जुनी रीत होती, त्यावरून हात कच्चा होता असं कसं म्हणणार? ती लेस बघा, रिबिनी बघा. शिवाय तीन वर्षांनी जुन्या चित्रात आख्खं बाळ बसवणं, तेही आई न बिघडवता! जुन्या कोडला हात लावलेल्यांना विचारा.

नाव हरवलं की आपण कसबही वजा करून टाकतो. हे काही बरोबर नाही.

असो. सोमवारी चेक-इन करताना नाव नीट टाकीन म्हणतो :)